पैठणीचा पदर मी उलटून पाहिला नाही

भाचीचं लग्न ठरलं आणि मी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, "चिनूची पैठणी मामाकडून!" आमच्याकडे मामाने अष्टपुत्री आणायची पद्धत आहे. पिवळी, साधी, सुती. ती नेसून नवरी गौरीहर पूजते. पण एकुलत्या एका भाचीला हजाराच्या आतली साडी देऊन मामा मोकळा झाला, असं कुणी म्हणायला नको म्हणून हा वरचा थाट. खरं तर तसं म्हणणारं कुणी नव्हतंच. चिनूचे सासरेबुवा बिचारे सुरुवातीपासून "मानपान काही नको" म्हणत होते.

बस्ता येवल्यात बांधायचा ठरला. मुलाकडचे सात, आमचे सात, दोन गाड्या. नाशिकहून निफाड, विंचूर करत ऐंशी किलोमीटर. विंचूरला चहा झाला तेव्हा आमच्या गाडीवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुकान ठरलंय का? नसेल तर एक आहे आपल्या ओळखीतलं." ठरलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर पहिलं "या, या" त्याला झालं, मग आम्हाला. हे मला त्याच वेळी दिसलं होतं. दिसलं आणि मी सोडून दिलं.

आत शिरल्या शिरल्या माग. खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, समोर ताणलेलं जांभळं रेशीम, पदरावर अर्धा झालेला मोर. चिनूने व्हिडिओ काढला, विहीणबाईंनी विणकराशेजारी बसून, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, हातात धरून फोटो काढून घेतला. पंधरा मिनिटं आम्ही तिथेच रमलो. आता आठवून बघतो, तर दुकानदार एकदाही म्हणाला नाही की वरच्या कपाटातल्या साड्या या मागावरच्या आहेत, किंवा कुठल्याही मागावरच्या आहेत. ते वाक्य माझ्या डोक्यात मीच तयार केलं आणि त्याच्या तोंडी घातलं.

वर गादी, पांढरी चादर, चहा, भेळ. साड्या उघडण्याची या लोकांची एक पद्धत असते, ती मुद्दाम सांगतो. सेल्समन घडी हवेत झटकतो, पदर सुलट बाजूने तुमच्या मांडीपर्यंत येऊन पडतो, तुम्ही "वा" म्हणेपर्यंत त्यावर दुसरी साडी पडलेली असते. त्यातली एक आवडली की ती मुलीच्या खांद्यावर टाकून आरसा समोर धरतात. या सगळ्यात साडीची उलटी बाजू एकदाही वर येत नाही. तासाभरात तीस-चाळीस साड्या पाहिल्या असतील आम्ही, आणि एकीचीही पाठ पाहिली नाही.

चिनूला राणी रंगाची आवडली. बांगडी मोराचा, म्हणजे बांगडीसारख्या गोलात मोर असलेला पदर, मुनियाचे, म्हणजे छोट्या पोपटांचे काठ. सांगितली बावन्न हजार. मी आढेवेढे घेतले, त्याने कॅल्क्युलेटर बडवला, "बस्ता आहे म्हणून" साडेअडतीस हजारांवर आणली. साडीला सिल्क मार्कचं लेबल लटकत होतं. मी चष्मा लावून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. कापडातलं आपल्याला कळतं, हा माझा जुना गैरसमज.

त्याच वेळी आमच्या सौ.ने पदराचं टोक हातात घेऊन उलटायला सुरुवात केली होती. मी तिच्याकडे डोळे वटारले. "अगं, काय बघत बसलीस, मंडळी थांबलीत." समोर विहीणबाई बसलेल्या. मामा साडी देतोय आणि मामी ती तपासतेय, हे बरं दिसेना. तिने पदर सोडला. या प्रसंगावरून घरात मला आजवर किती वेळा ऐकावं लागलंय, ते विचारू नका.

मग बिल. "पक्कं केलं तर पाच टक्के जीएसटी धरावा लागेल, मामासाहेब." साडेअडतीस हजारांवर एक हजार नऊशे पंचवीस रुपये. ते मी वाचवले. निम्मे पैसे रोख, निम्मे फोनवरून, आणि हातात आली एक चिठ्ठी. वर 'एस्टिमेट', खाली 'साडी नग १'.

लग्नाला नऊ दिवस असताना साडी फॉल-बिडिंगला टाकली. आमच्या गल्लीतल्या काकू तीस वर्षं हेच करतात. त्यांनी साडी पलंगावर पसरली, पदर सहज उलटला, आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कितीला घेतली?" मी आकडा सांगितला. त्या आणखी गप्प.

पदराच्या मागच्या बाजूला मोर नव्हता. म्हणजे त्याची धूसर आकृती होती, पण त्यावर दाढीच्या खुंटांसारखे कापलेले रंगीत धागे. काकूंनी कपाटातून दुसऱ्या गिऱ्हाइकाची पैठणी काढली, तिचा पदर माझ्यासमोर दोनदा उलटसुलट केला आणि विचारलं, "आता सांगा, सुलट कुठली?" मला सांगता आलं नाही. दोन्हीकडे तोच मोर, तितकाच स्वच्छ.

याचं कारण मला नंतर कळलं. हातमागावर पदर विणताना नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ताण्याचे, म्हणजे उभे धागे मोजून तो रंग नक्षीत जिथे हवा तिथेच फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवतो. रंग आपलं घर सोडून जात नाही, म्हणून मागे काही लोंबत नाही. यंत्रमागावर मात्र धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, नक्षीत हवा तिथे वर दिसतो, उरलेला मागे लोंबतो आणि नंतर कापला जातो. काठाचंही तसंच. हातमागावर दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे चालतात, त्यामुळे अंगाचा रंग काठात शिरत नाही. एक खबरदारी: अंगभर ब्रोकेड, म्हणजे भरगच्च विणलेली नक्षी असलेल्या साडीत हातमागावरही मागे धागे सुटलेले दिसू शकतात. म्हणून निवाडा पदरावरून करायचा.

मग सिल्क मार्कचं काय? काकूंनी पदराच्या दशीतला एक रेशमी धागा काढून काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. रेशीम खरं होतं. जरीचा धागा जाळला तर तो आक्रसून काळा मणी झाला. प्लॅस्टिक. २००४ मध्ये केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेली ही खूण फक्त रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देते. साडी हाताने विणली की यंत्राने, याबद्दल ती काहीच बोलत नाही. त्यासाठी हातमागाची खूण वेगळी आहे, २००६ पासूनची. मी मोठ्याने वाचून दाखवलेलं लेबल शंभर टक्के खरं होतं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकटाच येवल्याला गेलो. दुकानदार शांत. "मामासाहेब, आम्ही हातमाग म्हटलं होतं का?" नव्हतं म्हटलं. "रेशीम खोटं निघालं का?" नव्हतं निघालं. "बिल दाखवा." दाखवली चिठ्ठी. तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. फार तर वर दहा हजार टाकून दुसरी साडी घेऊन जा, म्हणाला. मी आवाज चढवला तेव्हा त्याने माझ्यासाठी चहा मागवला. इतका अपमान मला शिवी देऊनही झाला नसता.

बाहेर टपरीवर तो मागावरचा विणकर भेटला. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "तुम्ही पंधरा मिनिटं उभे होतात, तेवढ्यात माझ्या दोन-चार ओळी झाल्या. पदर दिवसाला बोटभर सरकतो. त्या मागावरची साडी अजून दोन महिने निघायची नाही." मग वरच्या मजल्याकडे बघून हसला. त्या कपाटांमध्ये पाच-सहाशे साड्या तरी असतील. एक माग, बोटभर पदर आणि पाचशे साड्या. शाळेतल्या पोरालाही जमलं असतं हे गणित.

त्याने मला एका ओळखीच्या विणकराच्या घरी नेलं. पुढच्या खोलीत दोन माग, आत संसार. तिथे साधी बुट्टी आणि साधा पदर असलेली पैठणी माझ्या साडीच्या निम्म्याहून कमी पैशांत होती आणि दोन्ही बाजूंनी सारखी होती. बांगडी मोराचा असा भरलेला पदर हातमागाचा हवा असेल तर लाखाच्या घरात जाईल आणि सहा महिने आधी सांगावं लागेल, हेही त्याने सरळ सांगितलं. यंत्राची साडी वाईट नसते. सेमी पैठणी म्हणून सहा-सात हजारांत घेतली तर पैसे वसूल. पैठण आणि येवल्याच्या या विणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कागदावर. दुकानात बसून "बिलावर 'हातमागावरची पैठणी, शुद्ध रेशीम, जर अमुक प्रकारची' असं लिहून द्या" हे म्हणावं लागतं ते तुम्हालाच. खरा विकणारा लिहून देतो. दुसरा तिथेच विषय बदलतो.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. बाई नीट बोलल्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं सांगितलं. मग विचारलं, "बिल आहे ना?" निम्म्या पैशांची फोनवरची नोंद होती, पण कशासाठी दिले ते कुठेच नव्हतं. एक हजार नऊशे पंचवीस रुपयांची ती बचत. लग्न आठ दिवसांवर, बहिणीला कळू द्यायचं नव्हतं. मी तक्रार पुढे नेली नाही. तुम्ही न्या.

आणि बस्त्याला चौदा माणसं नेऊ नका. पैठणी आधी दोघांनीच जाऊन घ्यावी, जो हात लावून बघतो त्याला बघू द्यावं, बाकीच्या साड्यांना हवी तर वरात न्या. गाडीवाल्याने सुचवलेल्या दुकानात कमिशन तुमच्याच साडीतून जातं, हे मी वेगळं सांगायला नको.

गौरीहराला चिनूने अष्टपुत्री नेसली. सौ.ने आणलेली, नऊशे रुपयांची, सुती. त्या पिवळ्या साडीत पोर इतकी गोड दिसत होती की मी उगाच मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी स्वागत समारंभाला पैठणी. फोटोग्राफरने तिला पदर दोन्ही हातांनी पसरून धरायला लावला, सुलट बाजूने. "मामाने दिली" म्हणून चार जणींनी माझं कौतुकही केलं.

पदराची पिन निसटली म्हणून विहीणबाई लावायला आल्या. पदर हातात घेतला, मागची बाजू वर आली. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पदर पुन्हा सुलट केला, नीट चुण्या घातल्या, पिन लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मामा, तुम्ही अजून जेवला नाहीत. चला, बसून घ्या."