नऊ महिने माउंटन बाईकवर, साताऱ्याच्या डोंगरात

गेल्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरून वाटा वाळायला लागल्या तेव्हा मी ही सायकल घेतली. आता पुन्हा पाऊस लागलाय. मधल्या काळात एकवीसशे किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त डांबर सोडून. घेण्याआधी मी खूप रिव्ह्यू वाचले होते, पण बहुतेक सगळे सायकल कोरी असताना लिहिलेले. आपल्याकडच्या मुरमावर, जांभ्यावर, चिखलात वर्षभर काय होतं हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सायकल हार्डटेल आहे, म्हणजे शॉकअप फक्त पुढे. चाकं २९ इंची, १०० मिलिमीटर दबणारा एअर फोर्क (हवेवर चालणारा पुढचा शॉकअप), पेडलपाशी ३२ दातांचं एकच चक्र म्हणजे चेनरिंग, मागच्या चाकावर ११ ते ४६ दातांच्या दहा चक्रांची कॅसेट, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. वजन साडेतेरा किलोच्या आसपास. साठ हजारांच्या आत बसली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं या किमतीतल्या कुठल्याही हार्डटेलला लागू पडेल.

आधी मापाबद्दल. माझी उंची पाच फूट दोन इंच. दुकानात एम साइज उभी होती. 'हीच घ्या मॅडम, सीट खाली करून देतो,' म्हणाले. मी अडून बसले, एस साइज मागवायला लावली आणि तीन आठवडे वाट पाहिली. सीटची उंची बदलता येते, पण फ्रेमची लांबी ती लांबीच. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, आखूड घालून थोडंफार जुळवता येतं, तेवढंच. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांडा आणि आपल्यामध्ये चार बोटं तरी मोकळी राहायला हवीत. खडकाळ उतारावर अचानक उतरायची वेळ येते तेव्हा हे अंतर किती मोलाचं आहे ते कळतं. ते तीन आठवडे मी आजही वसूल करतेय.

आमचा ग्रुप चौघांचा. एक दादा, पन्नाशी ओलांडलेले. एक शाळेत शिकवणारी मैत्रीण. तिचा धाकटा भाऊ आणि मी. रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी जमायचं. एक रविवार यवतेश्वरचा घाट, दुसरा बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरच्या बाजूला. पहिले दोन महिने मी सगळ्यात मागे असायचे. चढाला दम लागायचा हे ठीक, पण उतारालाही मीच मागे. चढाचा प्रश्न डिसेंबरपर्यंत आपोआप मिटला, ४६ दातांचा गिअर आणि पाय दोघांनी मिळून मिटवला. उताराचा मिटेना.

यवतेश्वरच्या अंगाला गुरांची एक वाट उतरते. दोनशे मीटर असेल. वर मुरूम, मध्ये उघडा खडक, खाली एक तिरकं वळण. तिथे मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा दादा खालून ओरडले, "अगं, चाकाकडं कशाला बघतीयास? जायचंय तिकडं बघ की!" मग आम्ही त्या दिवशीची पुढची राइड सोडली आणि तेवढीच वाट अकरा वेळा उतरलो. माझ्या सगळ्या शिकण्यातला सगळ्यात मोठा दिवस तो. नजर दहा-बारा हात पुढे ठेवली की हात आपोआप सायकल वळवतात. पेडल आडवी समपातळीत, टाचा खाली दाबलेल्या, कोपरं बाहेर, बूड सीटवरून उचललेलं आणि वजन सगळं पायांवर. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. हे ऐकायला सोपं आहे. अंगात उतरायला मला फेब्रुवारी उजाडला, तेही तीच ती वाट पुन्हापुन्हा केली म्हणून. नवीन नवीन वाटा शोधत फिरण्यापेक्षा एका वाईट तुकड्यावर तासभर घालवणं मला कितीतरी जास्त शिकवून गेलं.

आणि माझ्या उतारावर मागे पडण्यात सायकलचाही वाटा होता. म्हणजे सायकल चांगली होती, पण माझ्यासाठी लावलेली नव्हती.

ब्रेकचे लिव्हर बोटांपासून लांब होते. दोन बोटं ताणून धरायची, उतार संपेपर्यंत मनगटं भरून यायची. लिव्हरपाशी एक बारीक स्क्रू असतो. २ मिलिमीटरची ॲलन की लावून लिव्हर जवळ घेता येतो. दादांनी पाच मिनिटांत करून दिलं. तेव्हापासून ब्रेकला एक बोट, हँडलला बाकीची सगळी. लहान हाताच्या प्रत्येक बाईने पहिल्याच दिवशी हे करून घ्यावं.

फोर्कमध्ये हवा जड माणसाच्या हिशेबाने भरलेली होती. माझं वजन छप्पन्न किलो. फोर्कच्या नळीवर रबराची एक रिंग असते. ती खाली सरकवून अलगद सायकलवर उभं राहायचं आणि उतरल्यावर किती सरकली ते मोजायचं. १०० मिलिमीटरच्या फोर्कला वीस ते पंचवीस मिलिमीटर बसली तर बरोबर. माझी नऊ! साध्या पंपाने हे जमत नाही, शॉक पंप वेगळा लागतो. आम्ही चौघांत एक घेतला.

टायरचंही तेच. दुकानातून ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून आले होते. एवढ्या हवेने टायर खडीवर चेंडूसारखा उडतो. कमी केली, तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटून दोन-दोन भोकं पडायला लागली. शेवटी जानेवारीत ट्यूबलेस करून घेतलं, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये भोकं बुजवणारं पातळ सीलंट भरलं. आता पुढे वीस, मागे तेवीस पीएसआय. बाभळीचे काटे दोनदा उपसून काढले, हवा गेली नाही. मात्र आतलं सीलंट उन्हाळ्यात वाळतं. एप्रिलात टायर उघडला तर तळाला नुसती साय उरली होती. दर तीन महिन्यांनी भरायचं हे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

ब्रेकबद्दल आणखी थोडं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मधून कच्चे रस्ते आहेत, लांब आणि वाऱ्याचे. वारा आडवा आला की हँडल घट्ट धरावंसं वाटतं, पण सैल धरलेलंच बरं. तिथून परतताना घाटात मी सतत ब्रेक दाबून धरायचे आणि खाली पोचेपर्यंत जळका वास यायचा. दादा म्हणाले, हा खेळ सुरूच मुळी जळक्या ब्रेकवर झालाय. कॅलिफोर्नियात माउंट तमालपैसच्या बाजूच्या उतारावर १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती व्हायच्या. मागच्या चाकाच्या हबमधले (मधल्या तुंब्यातले) ब्रेक इतके तापायचे, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीचं नाव 'रिपॅक' पडलं. आता मी थोडा वेळ जोरात दाबते आणि सोडते, दोन दाबांच्या मध्ये डिस्क थंड होते. वास बंद झाला.

पावसाने मात्र ब्रेक पॅड खाल्ले. सोबत आलेले रेझिनचे पॅड जूनच्या तीन चिखलराइडमध्ये संपले. आता मेटलचे टाकलेत. ओले झाले की आवाज करतात, पण टिकतात.

मोडतोड एकच. मार्चमध्ये सायकल उजव्या बाजूला आपटली आणि डिरेलरचा (मागे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला अडकवणारा तुकडा, वाकला. तो मऊ ॲल्युमिनियमचाच असतो, म्हणजे वाकायचं ते त्याने वाकायचं आणि फ्रेम वाचायची. पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. साताऱ्यात मिळाला नाही, बाहेरून मागवण्यात बारा दिवस गेले. सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन बॅगेत टाका.

कासबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चाक घालायचं नाही, हा आमच्या ग्रुपचा पहिला नियम. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठार. जांभ्यावर मातीचा जेमतेम थर, आणि सप्टेंबरातली ती सगळी फुलं त्या थरावर जगतात. टायरची एक चाकोरी तिथे वर्षानुवर्षं राहू शकते. रस्त्याने कास तलावापर्यंत जावं, सायकल टेकवून बसावं, डबा खावा, परतावं. फोटोसाठी सड्यावर सायकल नेलेली पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट मनात आहे, ती ड्रॉपर पोस्ट. हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली जाते. सध्या प्रत्येक उताराआधी थांबून क्लॅम्प सैल करते. दिवाळीपर्यंत पैसे साठले की घेईन.

पुढचे दोन महिने डांबरावरच. ओल्या पायवाटेवरून चाकं गेली की चर पडतो, चरात पाणी धरतं आणि पाऊस संपेपर्यंत वाटेचा ओघळ होतो. गुरांच्या त्या वाटेच्या तळाशी तसा एक चर आत्ताच दिसतोय. पाऊस थांबला की चौघांनी खोरं-घमेलं घेऊन जायचं आणि तिरप्या दगडांनी पाणी बाजूला काढायचं ठरलंय. ती वाट ज्यांच्या गुरांची आहे त्या मामांना विचारून झालंय. ते म्हणाले, "या की, मी पण येतो."