पारायणाला पोथी की मोबाईल?

शेजारच्या काकूंना श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण करायचंय. मुलगा म्हणतो, "फोनवर फुकट आहे, पोथी कशाला?" काकू अडून बसल्यात.

खर्चाचं म्हणाल तर पोथी एकदाच घ्यायची. ॲप फुकट असतं, पण नवव्या अध्यायात रंगलो असताना मला त्यात गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दिसली आहे.

ओवी शोधायला मात्र फोनच पुढे. १८ अध्याय, ९ हजारांच्या आसपास ओव्या. पानं उलटून किती उलटणार? पण गोम आहे अनुस्वारात. मजकूर असतो 'आतां विश्वात्मकें देवें', आपण सवयीने 'आता विश्वात्मके देवे' लिहितो, आणि कित्येक ॲपांत पसायदानच सापडत नाही! अशा वेळी बिनअनुस्वाराचा तुकडा टाकावा. 'तोषोनि मज' लिहिलं की येतं.

अक्षर फोनवर मोठं होतं, पण ओवीचे चरण तुटून खालच्या ओळीत जातात. ठेक्यात वाचणाऱ्याची लय तिथेच मोडते.

दुसऱ्याला पाठवायचं तर मी पोथीच्या पानाचाच फोटो पाठवतो, अध्याय आणि ओवी क्रमांक दिसेल असा. शेवटी 'तुका म्हणे' जोडलेल्या कुणाच्याही चार ओळी ग्रुपवर फिरतात. पत्ता नसला की पडताळणार कसं?

काकूंनी मोठ्या टायपातली पोथीच घ्यावी. देवळात सामुदायिक वाचन असेल तर सगळ्यांची प्रत एकच हवी, कारण प्रतीप्रतीत क्रमांक पुढेमागे होतात. प्रवचनाची टिपणं काढणाऱ्याला, परदेशातल्या लेकीला फोन बरा.