निशिगंधाच्या कंदांना हाडांचे खत आणि ०:०:५० : हंगामभर वापरून आलेला अनुभव

सोलापुरात आमच्या अंगणात मार्चमध्ये निशिगंधाची लागवड करताना एका वाफ्यात शेणखताबरोबर हाडांचे खत मिसळले आणि शेजारच्या वाफ्यात नुसते शेणखत घातले. पावसाळाभर दोन्हीकडचे दांडे पाहिले. उंचीत किंवा फुलांच्या संख्येत डोळ्यांना जाणवेल असा फरक आढळला नाही. हाडांच्या खतात स्फुरद (फॉस्फरस) २० टक्क्यांच्या आसपास असतो हे खरे, परंतु तो कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असल्याने मुळांना मिळण्यासाठी माती आम्लधर्मी असावी लागते. आपली काळी जमीन चुनखडीची आहे. माझ्या मातीचा सामू (आम्ल-अल्क दाखवणारा पीएच) तपासणीत ८ च्या वर आला, आणि अशा मातीत हा स्फुरद बहुतांशी घातला तसाच पडून राहतो. शिवाय त्याच्या वासाने कुत्री वाफा उकरतात, ही अडचण वेगळीच. कोकोपीटच्या कुंडीत हेच खत काही प्रमाणात उपयोगी पडते, म्हणून त्याला सरसकट नाव ठेवणार नाही.

खरे समाधान दिले ते ०:०:५० ने, म्हणजे पोटॅशियम सल्फेटने. त्यात ५० टक्के पालाश (पोटॅश) आणि सुमारे १७.५ टक्के गंधक असते. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडते, परंतु त्यात क्लोराइड असते आणि आमच्या बोअरचे पाणी आधीच क्षारयुक्त आहे. त्यात आणखी भर कशासाठी घालावी? दांडे निघू लागल्यापासून पाने पिवळी पडेपर्यंत लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारणी केली. फुले संपल्यावर फवारणी थांबवणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते तिची खरी गरज तेव्हाच असते, कारण त्या काळात पाने तयार केलेले अन्न कंदात साठवतात आणि पुढच्या फुलोऱ्याची ताकद त्यातूनच येते. थंडीत काढून पाहिलेले कंद घट्ट आणि भरीव निघाले. युरियाबाबत मात्र हात आखडता ठेवावा. जास्त नत्राने पाने माजतात, कंद मऊ राहतात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत सडतात.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्यास ती लोहाची कमतरता समजावी. अशा वेळी मातीत घातलेले हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीत लगेच निकामी होते आणि ईडीटीए चिलेटही, म्हणजे लोहाला धरून ठेवणारे संयुगही, या सामूला टिकत नाही. ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेट स्वरूपातील लोह महाग आहे, परंतु त्याच्या आळवणीनंतर (पाण्यात मिसळून मुळाशी ओतल्यावर) नवी पाने हिरवी आली.

पुढील लागवडीत वाफ्यासाठी हाडांच्या खताऐवजी १६ टक्के स्फुरदाचे सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मुरवून घालणार आहे. ग्लॅडिओलसला मात्र ते देणार नाही, कारण सुपर फॉस्फेटमधील फ्लोराइडने त्याच्या पानांची टोके करपतात.