ब्रसेल्स स्प्राउट्स: जाळीतले, दांड्यावरचे की फ्रोझन?

नोव्हेंबर सरत आला की ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत ब्रसेल्स स्प्राउट्सचे, म्हणजे कोबीच्या इवल्या गड्ड्यांसारख्या दिसणाऱ्या भाजीचे, ढीग लागतात. ५०० ग्रॅमची जाळीची पिशवी, सुटे, गड्डे लगडलेला अख्खा दांडा, निवडून चिरलेलं पाकीट आणि फ्रीझरमधली किलोची पिशवी असे पाच प्रकार समोर असतात. भाजी तीच, पण चव, टिकाऊपणा आणि किंमत यांत फरक बराच आहे. निकाल आधीच सांगायचा तर, आठवड्याभरात संपणार असतील तर जाळीतले किंवा सुटे घ्यावेत. नाताळासाठी आधीच आणून ठेवायचे असतील आणि घरात खरोखर थंड जागा असेल तर दांडा घ्यावा. फ्रोझन फक्त कुस्करून खायच्या पदार्थांना. चिरलेल्या पाकिटाला हात लावू नये.

चिरलेलं पाकीट का नको, याचं उत्तर आपल्या मोहरीच्या डब्यात आहे. मोहरी फेसली की जी झिणझिणी नाकात जाते ती सिनिग्रिन नावाच्या द्रव्यातून तयार होते. हेच सिनिग्रिन या भाजीतही असतं. मोहरीचा दाणा अख्खा असेपर्यंत त्याला वास नसतो. दाणा चिरडला, ओला झाला की आतलं विकर (एन्झाइम) सिनिग्रिनला भेटतं आणि तिखटपणा सुटतो. स्प्राउट चिरल्यावरही तेच घडतं. सकाळी चिरून लगेच कढईत पडलेली भाजी वेगळी आणि कारखान्यात चिरून दोन-तीन दिवस प्लास्टिकमध्ये बसलेली वेगळी. पाकीट उघडताच येणारा उग्र वास आणि कापाच्या कडेचा तपकिरी रंग हा त्या दिवसांचा हिशेब असतो. वर किलोमागे दर जवळजवळ दुप्पट. अर्धा किलो निवडून चिरायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

या भाजीला कडू म्हणून जे नाव पडलं ते आता बरंचसं जुनं झालं आहे. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ हान्स फान डोर्न यांनी कडवटपणाला मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन ही दोन द्रव्यं जबाबदार असल्याचं दाखवलं. मग बियाणे कंपन्यांनी जुन्या, कमी कडू वाणांचा शोध घेऊन त्यांचा आजच्या भरघोस पिकणाऱ्या वाणांशी संकर केला. आज दुकानात मिळतात ते बहुतेक याच वंशातले. तेव्हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकदा खाऊन ज्यांनी कानाला खडा लावला, त्यांनी पुन्हा चाखायला हरकत नाही. कारलं आणि मेथी मिटक्या मारत खाणाऱ्या घरात तर हा कडवटपणा कुणाला जाणवणारही नाही. गंधकाचा वास मात्र वाणाचा दोष नव्हे, शिजवणाऱ्याचा. भाजी जितका जास्त वेळ उकळेल तितका तो वाढतो.

निवडताना आकार पाहावा. अडीच ते साडेतीन सेंटिमीटरचे गड्डे उत्तम. त्याहून मोठे झाले की चव कोबीकडे झुकते आणि मधला भाग शिजेपर्यंत बाहेरची पानं लगदा होतात. एका पिशवीत लहान-मोठे मिसळलेले असतील तर एकसारखे शिजणार नाहीत, म्हणून सुटे मिळत असतील तर सारख्या मापाचे वेचून घ्यावेत. गड्डा दाबून पाहावा, दबला तर ठेवून द्यावा. हातात घेतल्यावर दिसतो त्याहून जड वाटला पाहिजे. मग देठाकडचा काप बघायचा: पांढुरका किंवा फिकट हिरवा असेल तर ताजा. थोडा तपकिरी चालतो, तेवढी चकती उडवता येते. पण काप वाळून आत खचला असेल, किंवा पानं पिवळी पडून सुटायला लागली असतील, तर माल जुना. पानांवर काळे गोल ठिपके म्हणजे बुरशी, आणि राखाडी पिठासारखा थर म्हणजे मावा. मावा धुऊन जातो: मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून दोनदा खळबळावं. एक दोष बाहेरून दिसत नाही. कॅल्शियम कमी पोचलं तर आतली पानं कडेने तपकिरी होतात आणि गड्डा अर्धा केल्यावरच ते कळतं. तेवढे टाकून द्यावेत. त्यासाठी दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही, त्यालाही दिसलेलं नसतं.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. थंडीचा कडाका पडला की झाड पेशींत साखर साठवतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीतला माल सप्टेंबरातल्यापेक्षा गोड लागतो. इंग्लंडमध्ये लिंकनशर आणि यॉर्कशर, शिवाय स्कॉटलंडचा पूर्व किनारा, ही याची मोठी शेती. पाकिटावर यांपैकी नाव असलं तर प्रवास कमी झालेला असतो. नाताळच्या आदल्या आठवड्यात मोठी सुपरमार्केटं ही भाजी जवळपास फुकट विकतात. गेल्या काही वर्षांत अर्ध्या किलोची पिशवी २० पेन्सच्या खाली गेलेली आहे. साठा करायचा तर तेव्हाच.

आता दांडा. पानांच्या बगलेत एकेक कळी फुगून गड्डा होतो, तोही खालून वर. म्हणून दांड्याच्या बुडाशी गड्डे मोठे आणि शेंड्याला बारीक असतात. एकदम तोडणी करायची असली की शेतकरी काही आठवडे आधी शेंडा खुडतात, म्हणजे वरचेही भरतात. बुडापासून शेंड्यापर्यंत माप सारखं दिसलं तर तो दांडा घ्यावा. गड्डे दांड्याला जोडलेले राहिले की कापाची जखम एकच राहते, बुडाची. ओल टिकते आणि ते सावकाश म्हातारे होतात. पण हा फायदा थंडीतच. स्वयंपाकघरात हीटरशेजारी दिमाखात उभा केलेला दांडा तीन-चार दिवसांत पिवळा पडू लागतो. बुडाचा एक सेंटिमीटर कापून, बादलीत चार बोटं पाण्यात, पाच अंशांच्या आसपासच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये ठेवावा आणि पाणी दोन दिवसांनी बदलावं. दोन आठवडे निघतात. फ्रिजमध्ये अख्खा दांडा मावत नाही. तोडून दोन तुकडे करायचे असतील तर जाळीची पिशवीच स्वस्त. वजनाचा हिशेबही लक्षात ठेवावा, दांड्याचं लाकूड खाता येत नाही.

जाळीतले गड्डे घरी आणल्यावर धुऊ नयेत. ओली पानं एकमेकांना चिकटून आतून कुजतात. बाहेरची सैल पानंही काढायची नाहीत, ती आतल्याला सुकण्यापासून वाचवतात; निवडणं शिजवण्याआधीच करावं. जाळी काढून प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत किचन पेपरचा एक तुकडा, तोंड थोडं उघडं, आणि फ्रिजच्या सगळ्यात थंड खणात ठेवावेत. आठवडा ते दहा दिवस सहज जातात. व्यापारी शीतगृहात शून्य अंशाला ते तीन ते पाच आठवडे ठेवतात, पण घरचा फ्रिज चार अंशांवर असतो, तेव्हा तितकी आशा धरू नये. सफरचंद, केळी, नासपती आणि टोमॅटो यांच्या शेजारी अजिबात नको. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने ही पानं पिवळी पडून गळतात. भाजीच्या खणात सफरचंदं ठेवायची सवय बहुतेक घरांत असते. ‘भाजी चार दिवसांत गेली’ या तक्रारीमागे बहुधा तीच निघते.

घरी फ्रीझ करायचे तर उकळत्या पाण्यात लहान तीन, मध्यम चार आणि मोठे पाच मिनिटं टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात. पूर्ण निथळून, पुसून, ताटात सुटे गोठवून मग पिशवीत. हा वाफारा चुकवला तर विकरं फ्रीझरमध्येही काम करत राहतात, आणि दोन महिन्यांनी हाती पेंढ्याच्या चवीचा माल येतो.

शिजवण्यात सगळ्यात उजवी कृती ओव्हनची. ५०० ग्रॅम गड्ड्यांच्या देठाची पातळ चकती काढायची. जास्त कापलं तर पानं सुटी होतात. मग उभे अर्धे करायचे आणि कोरडे पुसायचे. इंग्लंडात बुडाला फुली मारून अख्खे उकळण्याची जी रीत आहे तिचा उपयोग शून्य. फुलीतून पाणी मात्र आत शिरतं. ओव्हन २२० अंशांवर (पंख्याचा असेल तर २००), ट्रेसुद्धा आतच तापू द्यायचा. दीड मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मीठ चोळून कापलेली बाजू खाली येईल असे एका थरात मांडायचे, मध्ये बोटभर जागा सोडून. २० ते २५ मिनिटं. मध्ये हलवायचे नाहीत, कारण खालची बाजू ट्रेला टेकूनच खरपूस होते. मऊ आणि फिकट निघाले तर एकतर ते ओले होते किंवा गर्दी झाली होती. दोन्हींत भाजण्याऐवजी वाफ होते. मध किंवा काकवी घालायची असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत, आधी घातली तर जळते. बाहेर काढल्यावर लिंबू, तिखट आणि दाण्याचं जाडसर कूट. एअरफ्रायरमध्ये एका वेळी ३०० ग्रॅमच, १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. सुटी पानं आधी बाजूला काढावीत, नाहीतर हवेने उडून वरच्या तारेला चिकटतात आणि जळका वास सुटतो.

रोजच्या पोळीबरोबर मात्र कोबीसारखी बारीक चिरून भाजी. ३०० ग्रॅमला दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, दोन मिरच्या, आणि तासभर भिजवलेली दोन चमचे चणाडाळ. डाळ फोडणीत तीन मिनिटं परतून मगच हळद आणि भाजी घालायची. आच मोठी, झाकण नाही, पाच-सहा मिनिटं पुरे. झाकण ठेवलं की गंधकाची वाफ आत कोंडते आणि हिरवा रंग मळकट होतो. लिंबू गॅस बंद केल्यावर. आंबटाने रंग उतरतो. मीठही शेवटी, नाहीतर पाणी सुटून भाजी उकडली जाते. ओलं खोबरं हवंच.

सीकेपी घरांतल्या कोबीच्या भानोल्यात ही भाजी कोबीपेक्षा सरस ठरते, कारण हिला पाणी कमी सुटतं. २५० ग्रॅम किसासारखे चिरलेले स्प्राउट्स, एक वाटी बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी नारळाचं दूध, एक कांदा, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मीठ आणि तीन मोठे चमचे तेल. जमलं तर दीडशे ग्रॅम सोललेली कोळंबी. मिश्रण ओव्हन तापल्यावरच कालवावं. आधी कालवून ठेवलं तर मिठाने सैल होतं आणि मग बेसन वाढवत बसावं लागतं. २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, वरून तांबूस होईपर्यंत. गार झाल्यावरच वड्या पाडाव्यात.

फ्रोझन पिशवीला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त तिच्याकडून कुरकुरीतपणा मागू नये. गोठवण्याआधीचा वाफारा आणि बर्फाचे स्फटिक यांनी पेशींच्या भिंती आधीच मोडलेल्या असतात. वितळू देऊ नये, थेट वापरावी. बेल्जियममध्ये बटाटा आणि भाजी एकत्र कुस्करून ‘स्टुम्प’ करतात. तो फ्रोझन गड्ड्यांचा उत्तम होतो: ६०० ग्रॅम उकडलेला बटाटा, ३०० ग्रॅम स्प्राउट्स, लोणी, थोडं दूध, जायफळ. उरला तर दुसऱ्या दिवशी टिक्क्या थापून तव्यावर तांबूस करायच्या. इंग्रजांचा नाताळानंतरचा ‘बबल अँड स्क्वीक’ तरी याहून वेगळा काय आहे!

पुण्या-मुंबईत ‘एक्झॉटिक’ भाज्यांच्या कपाटात २०० ग्रॅमचे ट्रे मिळतात. भाव कोबीच्या कित्येक पट, आणि प्लास्टिकच्या आत पानं घामेजलेली. देठाचा काप दिसत नसेल तर ट्रे उलटून पाहावा, तरीही दिसला नाही तर घेऊ नये. फोडणीच्या भाजीला किंवा भानोल्याला तिथे साधा कोबीच शहाणपणाचा. ओव्हनमध्ये भाजायचे असतील तरच हा खर्च करावा.

वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी एक जपावं. १०० ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये ‘के’ जीवनसत्त्व सुमारे १७७ मायक्रोग्रॅम असतं, आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. वर्षभर नाही आणि नाताळात एकदम वाडगाभर, असं करू नये. प्रमाण बदलायचं तर डॉक्टरांना विचारून.

जांभळे स्प्राउट्स दिसायला देखणे, पण उकळले की रंग पाण्यात जातो; जास्त पैसे मोजायचे तर भाजूनच खावेत. केल आणि स्प्राउट यांच्या संकरातून आलेले, २०१० मध्ये ब्रिटनच्या बाजारात उतरलेले फ्लॉवर स्प्राउट मात्र जरूर घ्यावेत. ही झालरीच्या पानांची सुटी गुच्छं ओव्हनमध्ये २०० अंशांवर आठ-दहा मिनिटांत होतात, निवडायला काहीच लागत नाही, आणि कडवटपणा जवळजवळ नसल्याने मुलांसमोर पहिल्यांदा ठेवायला तीच बरी.