चाक अडकलं आणि हबचं बिल आलं

चारही नट काढलेत, गाडी जॅकवर आहे, तरी चाक जागचं हलत नाही. अशा वेळी समोरचा माणूस "बेअरिंग जाम झालंय, हब बदलावा लागेल" म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. हब म्हणजे ज्यावर चाक नटांनी आवळतात तो फिरता लोखंडी भाग; चाक त्याच्या बाहेरच्या तोंडावर बसतं. बेअरिंग, म्हणजे हबला सहज फिरू देणारं कडं, हबच्या मागच्या अंगाला असतं. बेअरिंग गेलं तर वेग वाढला की घरघर ऐकू येते, वळणावर ती कमी-जास्त होते, चाक वर-खाली धरून हलवलं तर डगडगतं. पण बेअरिंगमुळे चाक हबला चिकटत नाही. ही एवढीशी गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसांकडून पैसे काढले जातात. मला ती ठाऊक होती, मी बोलूनही दाखवली, तरी माझ्याकडून १२,३९० रुपये घेतले गेले. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. गाडी मारुतीची स्विफ्ट, अलॉय चाकांची. पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलते. कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, खालचा बोल्ट सोडायचा, कॅलिपर वर उचलायचा, जुने पॅड काढून पिस्टन हळूहळू मागे दाबायचा आणि नवे बसवायचे. नीट शिकून घेतलं की घरच्या अंगणात होणारं काम आहे. या पावसाळ्यानंतर पुढून किरकिर यायला लागली म्हणून पॅड आणले आणि डाव्या बाजूपासून सुरुवात केली. नट सहज सुटले. चाक मात्र सुटेना.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे होतंच. हब लोखंडी आणि चाक अ‍ॅल्युमिनियमचं. हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरट पूड साचते. शिवाय लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. या चाकाचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं आणि हबची कडही त्यात घट्ट बसणारी. दोघांमधली केसाएवढी फट गंजाने भरली की चाक लाखेने चिकटवल्यासारखं बसतं. त्यात कुठलाही भाग बिघडलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागणार होती आणि अंधार पडत आला होता. म्हणून घरी येऊन काम करून देणाऱ्या एका मेकॅनिकला फोन केला. तो आला, टायरला दोन लाथा मारल्या, मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे घरी होणारं काम नाही. बेअरिंग जाम होऊन हब वेल्ड झालाय. असंच चालवलंत तर चाक रस्त्यात निघेल." मी म्हटलं, चाक निघत नाहीये, मग ते रस्त्यात निघेल कसं? आणि बेअरिंगचा इथे संबंध काय? त्याने उत्तर दिलं नाही. "ब्रेकचं काम आहे, घरातली लहान मुलं बसतात ना गाडीत?" एवढंच म्हणाला. या वाक्याची मला आजही चीड येते. ब्रेक म्हटलं की आईबापांचं काळीज हलतं, हे तो पुरतं जाणून होता. नट परत आवळून गाडी त्याच्या गॅरेजवर गेली.

गॅरेजमध्ये मला आत येऊ दिलं नाही. "आत ग्राहकांना परवानगी नाही, अपघात झाला तर आमच्यावर येतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. पॅड माझेच बसवले होते, तेवढं खरं. बिलात हब ४,२०० रुपये, बेअरिंग १,८००, गॅस आणि पुलरचे (जाम भाग ओढून काढायचं अवजार) २,५००, मजुरी २,०००, आणि वर १८ टक्के जीएसटी १,८९०. जुने भाग मागितल्यावर एक गंजका हब पिशवीत घालून दिला.

आता त्या बिलाबद्दल. त्यावर जीएसटीची रक्कम होती, पण जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ने सुरू होतो. क्रमांक न छापता कर लावणारं बिल दिसलं तर पैसे देण्याआधी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा, नाव लगेच दिसतं. मी मागितला तेव्हा "पक्कं बिल नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो" असं उत्तर मिळालं. ते आजतागायत आलेलं नाही.

फसवणूक उघड झाली ती उजव्या चाकामुळे. तेही तसंच चिकटलेलं होतं. यावेळी शेजारच्या काकांना बोलावलं. एसटीच्या कार्यशाळेत त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त आहेत. त्यांनी गाडी जॅकवरून खाली घ्यायला लावली. चारही नट परत बसवून हाताने घट्ट केले, मग प्रत्येक नट साधारण एक-दीड आटा मागे घेतला. "आता अंगणातल्या अंगणात, पायी चालण्यापेक्षा हळू, दोन हात पुढे आणि दोन हात मागे ने. स्टिअरिंग थोडं वळव आणि ब्रेक हलका दाब," म्हणाले. खाडकन आवाज झाला आणि चाक सुटलं. नट अडकवलेले असल्याने ते बाहेर पडायचा प्रश्न नव्हता. आवाज आला की तिथेच थांबायचं, त्यापुढे एक फूटही चालवायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. हा उपाय सपाट, रिकाम्या जागेवरच करायचा, रस्त्यावर नाही.

मग आम्ही डावं चाक उतरवलं, आणि काका बराच वेळ काही बोलले नाहीत. "नवा" हब उजव्या हबइतकाच जुना होता. तारेच्या ब्रशने घासून त्याला रुपेरी रंग मारला होता, कडेला रंगाचे ओघळ दिसत होते. काकांनी बोट ठेवलं ते मधल्या मोठ्या नटावर. स्विफ्टमध्ये चाकाकडे येणाऱ्या दांड्याच्या टोकावर हा नट असतो. तो आवळल्यावर त्याची कड दांड्याच्या खाचेत ठोकून दाबतात, म्हणजे तो आपोआप सैल होत नाही. हब किंवा बेअरिंग काढायचं तर हा नट काढावाच लागतो, आणि परत नवा नट घालून कड नव्याने ठोकावी लागते. आमच्या नटावर एकच जुनी ठोक होती, त्या खाचेत मूळचा गंज तसाच भरलेला. पाना लागल्याची एक चरसुद्धा नव्हती. शिवाय या गाडीत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागात, प्रेसने बसवलेलं असतं. ते बदलायला नकल सोडवावं लागतं, म्हणजे शॉकअपचे बोल्ट आणि खालचा बॉल जॉइंटही सुटतो. त्या बोल्टांवरची कित्येक पावसाळ्यांची माती जशीच्या तशी होती.

पिशवीतला हब मी तेव्हा प्रथमच मोजला. स्विफ्टच्या हबवर समोरासमोरच्या दोन स्टडांचं, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर आवळतात त्या खुंट्यांचं, अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, १०० मिलिमीटर असतं. त्या हबवर ते ११४ भरलं. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा भंगारातला हब मला "तुमचाच" म्हणून दिला होता. ब्रेकच्या कामात एवढं खोटं बोलण्याची माणसाची हिंमत होते, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. कारण पुढे खरंच कुणाचं बेअरिंग गेलेलं असेल, त्यालाही रंग मारून "नवं" म्हणून परत दिलं जाईल.

आम्ही दोन्ही नटांचे, रंगाच्या ओघळांचे आणि मोजपट्टी लावलेल्या हबचे फोटो काढले. काकांनी काय दिसलं ते तारखेसह लिहून सही केली. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचा क्रमांक आणि फोटो पाठवल्यावर गॅरेजवाल्याने हब आणि बेअरिंगचे ६,००० रुपये यूपीआयने परत केले. उरलेल्या रकमेसाठी आयोगाचा अर्ज तयार करते आहे.

ज्यांना घरी हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी काकांनी सांगितलेलं थोडं. गाडी नुसत्या जॅकवर असताना हातोडा कधीच चालवायचा नाही. खाली भक्कम स्टँड हवा आणि मागच्या चाकांना दगड. गंज सोडवणारं तेल चाकाच्या मधल्या भोकाच्या कडेला मारून रात्रभर राहू द्यायचं, पण ते ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडू द्यायचं नाही. ठोकायचं तर टायरला, आतल्या बाजूने, लाकडी ठोकळा मध्ये धरून, एकदा वरून आणि एकदा खालून. अलॉयवर किंवा डिस्कवर घाव घातला तर धडधाकट बेअरिंग खरोखर खराब होऊ शकतं. टायर बसलेल्या चाकाला गॅसची ज्योत कुणालाही लावू देऊ नका, तापून टायर फुटतो आणि माणूस दगावतो. माझ्या बिलात "गॅस" लिहिलं होतं, पण चाकावर कुठेही झळ लागल्याची खूण नव्हती, हे नशीबच म्हणायचं. चाक निघालं की हबची कड तारेच्या ब्रशने स्वच्छ करून तिथे अगदी पातळ कॉपर ग्रीस लावायचं. स्टडच्या आट्यांना नाही. नट समोरासमोर आलटून पालटून आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत न्यायचे.

किनारपट्टीवर कुणाकडे "चाक जाम होतं म्हणून हब बदलला" असं बिल पडून असेल, तर बहुतेक अलॉयची मधली टोपी काढली की चाक न उतरवताही तो मोठा नट दिसतो. त्याच्या खाचेत जुना गंज असेल तर आधी फोटो काढा, मगच गॅरेजवाल्याला फोन करा.