ओरिजिनल म्हणजे काय, ते आधी लिहून घ्या

बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या ध्यानाच्या खोलीसाठी दत्ताचं चित्र करून घ्यायचं ठरवलं. छापील तसबीर नको, ओरिजिनल हवं होतं. बाबा वर्षानुवर्षं पौर्णिमेला सांगलीहून औदुंबरला जातात, म्हणून मागे तिथला घाट, कृष्णेचं पात्र आणि पुढे विमल पादुका असं सांगून मी काढलेले फोटोही पाठवले. कॅनव्हासवर तैलरंग, प्रभावळीला 22 कॅरेट सोन्याचा वर्ख. अडीच बाय दोन फूट, 46 हजार रुपये, निम्मे आगाऊ.

चित्रकार इन्स्टाग्रामवर सापडलेला, बाहेरगावचा. काम कुठवर आलं, व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हटलं तर म्हणाला, "मी पहाटे जप करून मौनात रंगवतो. मधे कुणाची नजर पडू नये." बायको म्हणाली, एवढे पैसे देतोय तर बघायला काय हरकत आहे? त्यावर बाबा, "देवाच्या कामात घासाघीस नको." संपला विषय. दुकानात पंचवीस रुपयांच्या नळाचीही तोटी फिरवून बघणारा मी, इथे गप्प बसलो.

तीन आठवड्यांत चित्र आलं, वार्निशसकट. तैलरंगाचा जाड थर आतून वाळायला सहा महिने, कधी वर्षही लागतं आणि शेवटचं वार्निश त्यानंतर मारतात, हे तेव्हा कुठे माहीत! घाट औदुंबरचा वाटत नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "मला ध्यानात असाच दिसला." यावर काय बोलणार? उरलेले पैसे पाठवले. बाबांनी हळदकुंकू वाहिलं.

चार महिन्यांनी साडू आले. ते विट्याचे, गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, हयात कोइमतुरात गेलेली. नमस्कार करून उठले आणि प्रभावळीकडे बघतच राहिले. कडा काळवंडल्या होत्या, एका कोपऱ्यात हिरवट झाक. मी उदबत्तीच्या धुराला दोष देत होतो. "पावणं, सोनं असं काळं पडत न्हाई."

त्यांनी नखाने वर्खाचा कपचा काढला. दुसऱ्या दिवशी सराफ कट्ट्यावर ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने कपच्यावर नायट्रिक ॲसिडचा थेंब सोडला. फेस आला, थेंब हिरवा झाला आणि वर्ख नाहीसा! पितळ. सोनं असतं तर तसंच राहिलं असतं. येताना साडूंनी त्याची डोळ्याला लावायची काच मागून आणली आणि घरी दत्ताच्या गालावर धरली. निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके. छपाई! ब्रशचे फटकारे होते, पण बिनरंगी जेलचे. नदीचं पाणी आडवं वाहतंय आणि फटकारा उभा, पाण्यातून थेट पादुकांवर चढलेला. हात फिरवला की खरबरीत लागायचं, त्यालाच मी भुललो होतो.

चित्रकाराला फोन केला. "साहेब, ओरिजिनल म्हणजे डिझाइन ओरिजिनल. हाताने रंगवलेलं असं मी कुठे लिहिलंय?" चॅट उघडून बघितलं, खरंच नव्हतं. तैलरंगाचं सगळं बोलणं फोनवर झालेलं. सोन्याचा मात्र एक मेसेज निघाला: "22 कॅरेट वर्ख, 9 हजार". तेवढाच धागा हाती आहे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथे त्याने दादच दिली नाही. मग सांगलीतच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तुम्ही असं काम देणार असाल तर माध्यम, वर्ख कशाचा, हाताने रंगवणार की छापणार, हे मेसेजवर लिहून मागा. अर्धवट चित्राचा व्हिडिओ मागा, आणि मौनाचं कारण आलं तर आगाऊ रक्कम देऊच नका.

वकील म्हणतात, पुढच्या तारखेला चित्र आयोगापुढे न्यावं लागेल. बाबा रोज पहाटे त्याच्यासमोरच बसतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही.