८ बोअर बंदुकीच्या नादात २,४४५ पौंड गेले, तुम्ही तरी सावध व्हा

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. लाज वाटते हो. मी काही नवखा नाही, इंग्लंडात नऊ वर्षं शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना आहे, पहाटे चारला पक्ष्यांच्या शिकारीसाठी वॉश नावाच्या खाडीच्या चिखलात जाऊन बसणारा माणूस आहे, आणि जुन्या बंदुकांच्या नळीखालचे प्रूफचे, म्हणजे नळीची ताकद तपासल्याचे शिक्के कसे वाचायचे ते क्लबातल्या दोघा-तिघांना मीच शिकवलंय. तरी मला गंडवलं. आणि ज्याने गंडवलं त्याला या बंदुकांची खडानखडा माहिती होती, जास्त संताप त्याचाच होतो.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी एवढंच, एक पौंड शिशाच्या आठ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बरोब्बर बसेल ती नळी म्हणजे ८ बोअर, साधारण २१ मिलिमीटर. नेहमीची १२ बोअर साडेअठराची. उंचावरून जाणाऱ्या गीजसाठी, म्हणजे रानहंसांसाठी, व्हिक्टोरियन काळात बनायच्या, दोननळी असेल तर सहा-साडेसहा किलो वजन, एका काडतुसात दोन औंस छर्रे. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी १० बोअरपेक्षा मोठी बंदूक १९१८ पासून बंद आहे, इंग्लंडात अजून चालते, फक्त शिशाचे छर्रे १९९९ पासून नाहीत, बिस्मथ वगैरे भरावं लागतं. धड अवस्थेतली ८ बोअर वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही, त्यामुळे जाहिरात दिसली की माणूस घाई करतो. मीही केली.

जाहिरात अशी: बर्मिंगहॅमच्या टॉली या जुन्या कारखान्याची दोननळी, सव्वातीन इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), नायट्रो प्रूफ (बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली), ३,४०० पौंड. फोटो सात. आता त्या रात्रीचं सांगतो कारण ती डोक्यातून जातच नाही. मंगळवार, पावणेअकरा वाजलेले, मी फोनवर तिसरा फोटो मोठा करून बघत होतो. उजव्या नळीच्या सपाट भागावर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे यातून अखंड गोळी झाडू नका, असा शिक्का. हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातला, म्हणजे बंदूक तेव्हाची. मग पाचवा फोटो उघडला, तीच उजवी नळी, तोच भाग, आणि तिथे शंकरपाळ्याच्या आकारात ८ आणि खाली सी. हा शिक्का १८८७ पासून आला. नंतर परत प्रूफ केलेली बंदूक असती तर दोन्ही शिक्के एकाच फोटोत दिसले असते ना. दिसत नव्हते. दोन वेगळ्या बंदुका होत्या त्या! मी ते पाहिलं, शंकेची पाल चुकचुकली, आणि विकणाऱ्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला उजेडामुळे दिसत नाही, आणि लगेच चांदण्या रात्री पिंकफूट जातीचे गीज कसे खाली येतात, त्याच्या वडिलांनी याच बंदुकीने कितीतरी वर्षं काढली, असं इतकं मनापासून बोलला की मी गप्प बसलो. तिथेच फोन ठेवायला हवा होता. फोटोतले शिक्के एकमेकांशी जुळत नसतील तर पुढचं एक अक्षर बोलू नका.

इकडे कायद्याने बंदूक हातोहात द्यावी लागते, नाहीतर नोंदणीकृत डीलरमार्फत. त्याने एका खऱ्या डीलरचं नाव दिलं, बंदूक तिथे ठेवतो म्हणाला, म्हणून मी निर्धास्त. विसार १,७०० पौंड. बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की खात्यावरचं नाव जुळत नाही. तो म्हणाला बायकोचं खातं आहे. माझ्या घरीसुद्धा बिलं बायकोच्या खात्यातून जातात, मला त्यात वावगं वाटलं नाही, कुणालाही वाटलं नसतं. मग डीलर-टू-डीलर पाठवणीचे १४५. मग चार दिवसांनी ‘दुसरा गिऱ्हाईक आलाय, अजून ६०० टाका म्हणजे जाहिरात काढतो’. टाकले. एकूण २,४४५, म्हणजे जवळपास पावणेतीन लाख रुपये. डीलरला फोन करायचा तर जाहिरातीतल्या नंबरवर करू नका, स्वतः शोधलेल्या नंबरवर करा. मी केला तेव्हा सगळे पैसे गेलेले होते आणि त्या बिचाऱ्या डीलरने या माणसाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे कागदपत्रांसाठी म्हणून मी माझ्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला होता. पत्त्यासकट. म्हणजे कुठल्या घरात बंदुका आहेत ते एका चोराला मीच कळवलं. पत्ता झाकल्याशिवाय सर्टिफिकेट कुणालाही, अगदी कुणालाही पाठवू नका.

पोलिसांना फोन केला, पंचवीस मिनिटं थांबवून सांगितलं ऑनलाइन तक्रार करा. केली, एक नंबर मिळाला, त्यापुढे काही नाही. पोलिसांच्या बंदूक-परवाना विभागाला कळवलं की माझा पत्ता बाहेर गेलाय, तर उलट मलाच पत्र, तुमचं बंदुका ठेवायचं कपाट नियमाप्रमाणे आहे का, तपासणीला येऊ. अरे, चोर कोण आहे? त्या खात्याचा नंबर माझ्याकडे आहे, फोन नंबर आहे, सातही फोटो आहेत, बघायला कुणी तयार नाही, प्रत्येक जण म्हणतो हे आमच्याकडे येत नाही. आणि बँक! ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की अशा ट्रान्सफर फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत पैसे परत द्यायचे. माझ्या बँकेचं उत्तर, तुम्ही इशारा दिसूनही पुढे गेलात, हा घोर निष्काळजीपणा, दावा नामंजूर. दुधाच्या बिलालाही असाच इशारा येतो यांच्या अ‍ॅपवर, मग कुठला खरा धरायचा? मी ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे गेलोय. तुमचंही नामंजूर झालं तर तिथेच थांबू नका, आणि इशारा आला त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, माझ्याकडे तोही नाही.

फोटोंपैकी सहाव्यात डाव्या नळीला तोंडापासून चार बोटांवर एक पोचा आहे, वाटाण्याएवढा. तो पोचा कुठल्याही जाहिरातीत दिसला तर पैसे देऊ नका आणि मला कळवा.

मागच्या दाराला नवीन कुलूप आणि अलार्म बसवला, २१२ पौंड. तेही मी याच हिशेबात धरलेत.